खटक्यावर बोट

बायडाबाईंच्या दारात पोलीस बसलाय, ही बातमी प्रसेनजीत कुरणेच्या नेट कॅफेत गुरुवारी सकाळी साडेदहाला पोचली. ती घेऊन पिराजी आला. पिराजी म्हणजे वाघजाई तालमीच्या फुटबॉल संघाचा माजी गोलकीपर. आता त्याचं टायरचं दुकान होतं, पण दुकानापेक्षा तो कॅफेतच जास्त सापडायचा.

"कृष्णात्याला मारायची धमकी आलीया," पिराजी म्हणाला. "ऑर्कुटवर. पोलिसानं खुर्ची टाकलीय दारात. खुर्चीबी आमच्या तालमीतलीच उचलली."

"कुणी दिली धमकी?"

"त्येच तर कुणाला म्हाईत न्हाय. बायडाबाईनं पोराला घरात घालून बाहेरनं कडी लावलीया. शनिवारी सेमीफायनल हाय राव! आमचा सेंटर फॉरवर्ड आत, आणि पोलीस बाहेर."

फेब्रुवारी २००८ चे दिवस. तेव्हा ऑर्कुट नावाची एक साइट जोरात होती. कुणीही एखाद्या विषयाची कम्युनिटी काढावी, बाकीच्यांनी सभासद व्हावं आणि लिहावं. कोल्हापुरात तिच्यावर सगळ्यात जास्त काय लिहिलं जात होतं, तर फुटबॉलवर. प्रसेनजीतनं मशीन सुरू केलं आणि दोन मिनिटांत ते वाक्य शोधून काढलं. इंग्रजी अक्षरांतलं मराठी होतं: 'कृष्णात म्हणजे खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी. शनिवारी बघाच.'

पिराजीनं ते अडखळत वाचलं आणि टेबलावर थाप मारून हसत सुटला. "अरं, ही धमकी? ह्ये तर त्याचं कौतुक केलंय पोरांनी!"

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. खटका बंदुकीचा असेल, पलटी खाणारा कुणी असेल, पण आता त्या बोलण्यात बंदूकही उरलेली नाही आणि मेलेलाही नाही. वकिलानं पहिल्याच तारखेला जामीन मिळवला, तरी लोक म्हणतात खटक्यावर बोट. काम झटक्यात आणि चोख झालं, एवढाच अर्थ. पण कुणीतरी त्या पानाची प्रिंट काढून ती ठोसर साहेबांच्या टेबलावर ठेवली होती. ठोसर साहेब कायदा-सुव्यवस्थेच्या फायली बघणारे अधिकारी, तीन महिन्यांपूर्वी अमरावतीहून बदलून आलेले. त्यांनी वाक्य वाचलं, आणि वाचणारा कुणीही परका माणूस जे करेल तेच केलं.

प्रसेनजीत मात्र हसला नाही. ते वाक्य त्याच्या कम्युनिटीवर नव्हतं, प्रीतीच्या कम्युनिटीवर होतं, हे त्याच्या लक्षात आधीच आलं होतं.

शहरातली फुटबॉलची पहिली कम्युनिटी त्याची. दोन वर्षांत चार हजार सभासद झाले होते आणि त्यातले निम्मे त्याच्याच कॅफेत बसून लिहायचे. प्रीती चौगले ही कळंब्याची पोरगी, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. त्याच्याचकडे कॉम्प्युटरचा कोर्स करून गेलेली, म्हणून त्याला अजून सर म्हणणारी. सप्टेंबरात तिनं एका संघाच्या बचावफळीवर सणसणीत लिहिलं. त्या संघाचे अध्यक्ष प्रसेनजीतच्या गाळ्याचे मालक होते. त्यानं तिचं लिखाण काढून टाकलं. ती भांडली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःची कम्युनिटी काढली, नाव ठेवलं 'मैदानातनं थेट', आणि पाच महिन्यांत तिचे सभासद पाच हजारांवर गेले.

यात तक्रार करण्यासारखं काही नव्हतं, निदान प्रसेनजीतनं तरी करायला नको होती. परवाना, परमिट, अधिकृत, मान्यताप्राप्त असले शब्द ऐकले की त्याचं डोकं फिरायचं. हे त्यानं पुस्तकातून उचललेलं नव्हतं. त्याच्या वडिलांनी, गुंडू कुरण्यांनी, एका बाजारात नऊ वर्षं बिल्ल्याशिवाय हमाली केली होती. बिल्ला असलेला हमाल दारात उभा राहायचा, बिनबिल्ल्याचा मागच्या बाजूला. आणि नवा बिल्ला कुणाला द्यायचा, हे ज्यांच्याकडे आधीच बिल्ले होते त्यांना विचारून ठरायचं. बौद्धवाड्यातल्या माणसाचं नाव त्या यादीत नऊ वर्षं शेवटचंच राहिलं. नियम लोकांचं रक्षण करायला केलेत असं कुणी म्हटलं, की प्रसेनजीत विचारायचा, "आत असलेल्यांचं का बाहेर असलेल्यांचं?" कॅफेत यावर तासन् तास वाद चालायचे. पिराजी त्याला 'खुला बाजार' म्हणूनच हाक मारायचा.

त्या दुपारी आणखी एक गोष्ट घडली. प्रसेनजीत बँकेत गेला असताना त्याच्याच कम्युनिटीवर कुणीतरी लिहिलं, की कृष्णातवर हल्ला झाला, दवाखान्यात नेलंय. दोन तास ते वाक्य तसंच राहिलं. प्रतिस्पर्धी संघाच्या पेठेच्या कोपऱ्यावर वाघजाईची पन्नास-साठ पोरं जमली, काहींच्या हातात स्टंपा होत्या. तेवढ्यात 'मैदानातनं थेट'वर एक फोटो आला. प्रीती स्कूटरवरून थेट बायडाबाईंच्या घरी गेली होती. फोटोत कृष्णात आणि तो पोलीस मांडीला मांडी लावून जेवत होते, आणि खाली लिहिलं होतं, 'हल्ला झालाय, पण पिठल्यावर.' कोपऱ्यावरच्या एकानं शेजारच्या कॅफेत फोटो बघितला, दुसऱ्याला सांगितलं, आणि पोरं हसत घरी गेली. प्रसेनजीत परत आला तेव्हा त्याच्याकडे ते खोटं वाक्य काढून टाकण्यापलीकडे काही काम उरलं नव्हतं.

शुक्रवारी ठोसर साहेबांनी त्याला बोलावलं. चहा मागवला, खुर्ची दिली. नेट कॅफे चालकांच्या संघटनेचा तो सचिव होता, म्हणून बोलावलं असेल, असं त्याला वाटलं.

"हा प्रस्ताव मी वर पाठवतोय," साहेबांनी तीन पानं पुढे सरकवली. "एका विषयाला एकच अधिकृत कम्युनिटी. मालकाची नोंद आमच्याकडे. नोंद नसलेली कम्युनिटी कॅफेत उघडू द्यायची नाही. साइटवाले बसलेत परदेशात, त्यांना मी कुठे शोधू? पण पोरं तर तुमच्याच कॅफेत बसतात ना."

तिसऱ्या पानावर बंदी घालायच्या शब्दांची यादी होती. फोडला. झोपवला. जाळ.

"साहेब, जाळ कशाला?"

"बावीस वेळा आलाय बाप्पा! जाळ काढला, जाळ केला. शहर पेटवायचा विचार आहे का यांचा?"

"चांगला गोल झाला की म्हणतात, साहेब. जाळ काढला."

साहेब थोडे हसले. "म्हणूनच तुमच्यासारखा माणूस पाहिजे. फुटबॉलची अधिकृत कम्युनिटी तुमचीच राहील. जुनी आहे, तुम्ही जबाबदार आहात. ती दुसरी, मैदानातनं थेट, ती बंद. मुलीच्या कॉलेजला नोटीस जाईल. तुमच्याकडून दोन कागद हवेत मला. प्रस्तावाला संघटनेची संमती, आणि त्या खटक्याच्या वाक्यावर जाणकार म्हणून तुमचा लेखी अभिप्राय."

त्या वाक्याचा अर्थ सांगायला पाच शब्द पुरले असते. 'जाळ' त्यानं सांगितला होताच. खटक्याचा अर्थ ओठांवर आला, आणि प्रसेनजीत म्हणाला, "उद्या अकराला आणून देतो."

घरी प्रियदर्शनी वह्या तपासत बसली होती. ती शाळेत शिकवायची. त्यानं सगळं सांगितलं आणि वर म्हणाला, "मी खोटं काय लिहिणार न्हाय. एवढंच लिहीन, की या वाक्याचा अर्थ संदर्भावर अवलंबून आहे."

"खोटं नाही ते," ती वहीतून मान वर न करता म्हणाली.

"मग?"

"मग काही नाही. लिहा. माझी पोरं पण उत्तर येत असलं आणि द्यायचं नसलं, की असंच लिहितात."

"अगं, दोन वर्षं मी राबलोय त्या कम्युनिटीवर. तिच्यामुळं कॅफेत गर्दी हाय. आता पोरं तिकडं गेली की ह्यो गाळा चालायचा कसा?"

"गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेलं म्हणून पोलीस बोलावून त्याचं शटर पाडायचं, असं म्हणा की सरळ. आजवर मला कानात कापूस घालायची वेळ आणलीत त्या खुल्या बाजारावर बोलून."

"ह्यात कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न हाय, प्रिया."

"व्हय?" ती कधी नव्हे ती त्याच्या बोलीत म्हणाली. "काल खोटं कुणाकडं छापलं होतं आणि खरं कुणाकडं?"

जेवताना दोघं लाइटबिल आणि पावण्यारावळ्यांवर बोलले.

शनिवारी तो अकराला पोचला तेव्हा साहेबांच्या खोलीबाहेरच्या बाकावर प्रीती बसली होती, शेजारी तिचे वडील. पांढरीशुभ्र कापडं, डोक्याला फेटा, हातात कॉलेजच्या फीची पावती. ती कशासाठी आणली, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

"सर, तुमीच सांगा," वडील उठून उभे राहिले. "पोरीचं वर्स वाया जातंय काय? कळंब्याच्या जेलासमोरनं रोज दुधाचं कॅन घिऊन जातोय मी, आजवर त्या दारात वळून बघितलं न्हाय. आणि पोरीला ह्यांनी बोलावलं!"

"आबा, गप की," प्रीती म्हणाली. प्रसेनजीतकडे तिनं बघितलंच नाही.

त्याच्या खिशात दोन कागद होते. एक कोरा, दुसऱ्यावर 'अर्थ संदर्भावर अवलंबून आहे' ही ओळ. आत गेल्यावर साहेबांनी हात पुढे केला तेव्हा त्यानं कुठलाच काढला नाही.

"साहेब, कालच सांगायला पायजे होतं. ती धमकी न्हाय. ते कौतुक हाय."

साहेबांनी चष्मा काढला. "बोट खटक्यावर आहे, माणूस जागेवर पलटी खातो, आणि कौतुक?"

"व्हय. तुमच्या शिपायानं आत्ता चहा सांडू न देता आणला, तर मी त्याला म्हणणार, भावा, खटक्यावर बोट. तो खुश होणार. बोलवून बघा."

साहेबांनी घंटा वाजवली. शिपाई गडहिंग्लजकडचा होता. साहेबांनी छापील वाक्य त्याला जसंच्या तसं वाचून दाखवलं आणि विचारलं, हे तुला कुणी म्हटलं तर? शिपाई लाजला. "कशापायी साहेब? मी आपलं साधं काम करतोय."

तो गेल्यावर साहेबांनी ती प्रिंट पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, "काल का नाही सांगितलं?"

"ती कम्युनिटी बंद पडली असती तर माझा फायदा होता."

एवढं सरळ उत्तर त्यांना अपेक्षित नसावं. त्यांनी प्रिंट बाजूला ठेवली. "बरं, हे वाक्य सोडा. पण प्रस्ताव चुकीचा ठरत नाही त्यानं. कुरणे, मागच्या गावी एका खोट्या मेसेजवरून दोन आळ्या भिडल्या. एक पोरगा अजून काठी घेऊन चालतो. त्याच्या आईला काय सांगू मी? खरं-खोटं लोक आपले आपण ठरवतील म्हणून?"

प्रसेनजीतच्या कॅफेतल्या वादांत हा पोरगा कधी आला नव्हता.

"त्या आईला सांगण्यासारखं माझ्याकडं काही न्हाय," तो शेवटी म्हणाला. "ज्यानं मेसेज लिहिला त्याला धरा, त्याला सोडू नका. पण गुरुवारी इथं काय झालं ते बघा साहेब. हल्ल्याची खोटी बातमी माझ्याकडं आली. तुम्ही जिला जबाबदार म्हणताय, तिच्यावर. दोन तास राहिली. पोरं स्टंपा घेऊन जमलेली. ती खोटी हाय हे दाखवलं त्या बाहेर बसलेल्या पोरीनं. तुमचा प्रस्ताव मागच्या महिन्यात मंजूर झाला असता, तर गुरुवारी फक्त माझीच कम्युनिटी उघडी असती."

"म्हणजे तुम्ही गाफील होता."

"होतो. उद्याबी असेन. अधिकृत केल्यावर तर जास्तच असेन, कारण पोरं जाणार कुठं? परवा मी हललो, ते ती पुढं गेली म्हणून."

"संमती नाही म्हणता?"

"माझी न्हाय. संघटनेच्या बैठकीत ठेवतो. तिथं कुणी दिली तर मी अडवणार न्हाय, पण बोलणार विरोधातच."

साहेबांनी कोरा कागद पुढे ढकलला. "अर्थ लिहून द्या. तुमच्या अक्षरात, खाली सही."

ते लिहायला त्याला अख्खी वीस मिनिटं लागली. प्रमाण मराठीत ते वाक्य बसेना. 'अत्यंत कार्यक्षम' लिहिलं आणि खोडलं. 'त्वरित व अचूक' लिहिलं, तेही खोडलं. शेवटी त्यानं लिहिलं, 'सदर वाक्याचा अर्थ शाबास असा होतो.' साहेबांनी वाचलं, फाइलला लावलं आणि समासात शेरा मारला, की स्थानिक जाणकाराच्या खुलाशावरून कारवाईची आवश्यकता नाही. बायडाबाईंच्या दारातला पोलीस काढायला सांगितला. प्रस्तावाची तीन पानं मात्र त्यांनी फाडली नाहीत. शब्दांची यादी तेवढी सुटी करून ड्रॉवरमध्ये टाकली आणि बाकीचं परत फायलीत लावलं. "हे मी पाठवणारच," ते म्हणाले. "तुमचं म्हणणं सोबत जोडून. मुलीला सांगा, जा म्हणावं."

बाहेर आल्यावर त्यानं सांगितलं. आबांनी दोन्ही हात जोडले, पावती घडी करून खिशात ठेवली आणि दुधाची वेळ झाली म्हणून जवळजवळ पळतच जिना उतरले. प्रीती मागे थांबली.

"मला वाटलं, तुम्ही सही करून मोकळे व्हणार."

"मलाबी तसंच वाटलेलं."

ती हसली, मग लगेच गंभीर झाली. "थँक्यू म्हणते सर, पण एक सांगते. मी तुमची माणसं ओढायची थांबणार न्हाय."

"ओढ की. पण कशी ओढतीस तेवढं सांग. माझं लिखाण तुझ्यापेक्षा शुद्ध हाय, दोन वर्षांची आकडेवारी हाय. मग पोरं तिकडं का येत्यात?"

"खरं सांगू? राग न्हाय ना यायचा?"

"आला तरी सांग."

"तुम्ही ह्या सीझनला एकदा तरी मैदानावर आलाय? गेल्या सीझनला? सकाळी पेपर बघून लिहिता तुम्ही. गोल कुणी मारला ते बरोबर असतं, पण पास कुणी दिला ते कधीच नसतं. पोरांना कळतंय की ते."

गाळेमालकाचा दबाव, पोरांचा उथळपणा, प्रीतीची फटकळ भाषा अशी पाच महिन्यांत प्रसेनजीतनं कितीतरी कारणं शोधली होती. हे त्यात नव्हतं.

"गर्दीच्या वेळी कॅफे सोडून यायचं कसं?" तो म्हणाला.

"ते मला काय म्हाईत? माझी पण प्रॅक्टिकलं असत्यात." तिनं स्कूटरची किल्ली काढली. "चारला हाय मॅच. तीनपर्यंत जागा मिळंल. पूर्वेकडं बसू नका, ऊन थेट डोळ्यांवर येतं."

त्यानं कॅफेत जाऊन पिराजीला गल्ल्यावर बसवलं. पिराजी भडकला. "माझ्या तालमीची सेमीफायनल, आणि मी हितं बसू? खुला बाजार, डोकं फिरलं काय तुझं?" शेवटी दोघांनी मिळून शटर ओढलं. शनिवारी दुपारी तीनला, ऐन गर्दीच्या वेळी. बाहेर चार पोरं ताटकळत होती, ती शिव्या देत पलीकडच्या कॅफेत गेली.

पिराजी आपल्या तालमीच्या घोळक्यात घुसला. प्रसेनजीतला जागा मिळाली ती पूर्वेकडचीच. डोळ्यांवर हात धरून त्यानं मैदान बघितलं. कृष्णातला तो फोटोमुळे ओळखत होता. बाकी एकवीस जणांत त्याला ओळखीचे वाटले तिघेच, तेही खात्रीनं नाही. विसाव्या मिनिटाला उजव्या बगलेवरून एका बारक्या पोरानं दोघांना चकवलं आणि चेंडू असा आत दिला, की कृष्णातला फक्त पाय लावायचा होता. चहूकडून आरडाओरडा उठला. कुणी फटाके लावले, कुणी शर्ट काढून फिरवला, शेजारच्या म्हाताऱ्यानं प्रसेनजीतच्याच पाठीत गुद्दा घातला.

प्रसेनजीतनं खिशातनं कागद काढला. त्यावर संदर्भाची ओळ लिहिलेली होती. तो उलटा करून गुडघ्यावर धरला आणि पेन उघडून म्हाताऱ्याच्या कानाशी ओरडला, "पास कुणी दिला ओ? त्यो सात नंबरचा कोण?"

म्हाताऱ्यानं त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"सार्थक की त्यो! अख्ख्या कोल्हापूरला ठावं हाय. कुठलं म्हणायचं पावणं तुमी?"

"इथलाच," प्रसेनजीत म्हणाला, आणि कागदावर नाव लिहून घेतलं.